अँडीजची टूर आपण रस्त्याने आणि सावकाश का करतो

नमस्कार मंडळी,

पेरू-बोलिव्हिया-चिलेच्या टूरसाठी फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बाकीच्यांची बारा दिवसांत होते मग तुमची पंचवीस रात्रींची का. आणि दुसरा, जिथे विमानाने दीड तासात पोचता येतं तिथे बसमध्ये दिवस कशाला घालवायचे. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही म्हणून लिहून काढलंय. बुकिंगच्या आधी पूर्ण वाचा, आणि घरातले जे बरोबर येणार आहेत त्यांनाही वाचायला द्या, कारण बऱ्याचदा माहिती एकाने घेतलेली असते आणि त्रास दुसऱ्याला होतो.

आमच्या पहिल्या ग्रुपला आम्ही लिमाहून विमानाने थेट कुस्कोला नेलं होतं. लिमा समुद्राला लागून आणि कुस्को ३,३९९ मीटरवर, म्हणजे आपलं लेह जेवढं उंच जवळपास तेवढं. सकाळी समुद्राकाठी नाश्ता केला आणि दुपारी लेहच्या उंचीवर. त्या रात्री अर्धा ग्रुप डोकं धरून बसला होता, काहींना उलट्या, दोन दिवस बऱ्याच जणांनी हॉटेलच्या खोलीत पडदे लावून काढले, आणि ज्या माचू पिचूसाठी एवढे पैसे भरून, एवढा प्रवास करून आले होते तिथे चेहरे उतरलेले. पैसे त्यांचे होते आणि प्लॅन आमचा होता. तेव्हापासून ठरवलं की उंची गाठायची ती रस्त्यानेच, आणि टप्प्याटप्प्याने.

वर गेल्यावर नक्की काय होतं

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो पण हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारी हवाच विरळ. समुद्राकाठी दाब १०० धरला तर ला पाझला तो साधारण ६५ भरतो, आणि आपल्या रूटवरच्या सगळ्यात उंच जागांपैकी एक म्हणजे ४,९१० मीटरची पातापाम्पा खिंड, तिथे साधारण ५५. अंदाजासाठी सांगायचं तर आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. शरीर याची सवय करून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला दिवस लागतात, तास नाही. आणि फिटनेसचा यात फार संबंध नाही, हे पुन्हा पुन्हा सांगतो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या तरुणाला त्रास होतो आणि त्याची पासष्टीची आई मजेत फिरत असते असं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, कारण तरुण माणूस दम आहे म्हणून भराभर चालतो.

म्हणून आपला रूट असा आहे. लिमात दोन रात्री, मग समुद्राच्या कडेने पाराकास आणि नास्का एकेक रात्र, म्हणजे विमानाचा शीण आणि झोपेचं उलटसुलट झालेलं गणित हे सगळं खालीच मिटतं. तिथून पूर्ण दिवसाचा प्रवास करून अरेकीपा, २,३३५ मीटर, आणि इथे मुद्दाम तीन रात्री. गाव सुंदर आहे, पांढऱ्या ज्वालामुखीच्या दगडात बांधलेलं, डोक्यावर मिस्ती ज्वालामुखीचा सुळका, पण तीन रात्री गाव सुंदर आहे म्हणून नाहीत, शरीरासाठी आहेत. मग पातापाम्पा ओलांडून चिवाय, तिथे दोन रात्री, ३,६०० च्या थोडं वर. दिवसा उंच जायचं आणि झोपायला खाली यायचं हा नियम सह्याद्रीत नाही लागत पण हिमालयात ट्रेक केलेल्यांना माहीत असेल. चिवायहून लांबलचक ड्राइव्ह करून कुस्को आहे पण तिथे थांबायचं नाही, सरळ खाली ओयांतायतांबोला झोपायला, २,७९२ मीटर. माचू पिचू तिथूनच ट्रेनने एका दिवसात करून येतो. ते २,४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर खाली, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. कुस्कोला आपण तीन रात्री राहतो त्या त्याच्या नंतर, म्हणजे तोपर्यंत कुस्कोच्या चढाच्या गल्ल्या त्रास देत नाहीत. पुढे ला राया खिंडीतून पुनो, कोपाकाबाना, ला पाझ, उयुनी, लगून म्हणजे उंचावरची तळी, आणि शेवटी चिलेतलं सान पेद्रो दे आताकामा. चोवीस रात्रींचा हिशेब होतो आणि एक रात्र राखीव, कारण बोलिव्हियात रस्तारोको बऱ्यापैकी होतात, ट्रक आडवे लावतात आणि दिवसभर कुणी हलत नाही. ती रात्र लागली नाही तर सान पेद्रोलाच वापरतो.

पातापाम्पाला गाडीतून उतरायला दहाच मिनिटं देतो. वाऱ्यात शेकडो छोटे दगडांचे ढीग रचलेले दिसतील, येणारे-जाणारे एकेक दगड ठेवतात, आणि समोर ६,२८८ मीटरचा आम्पातो. त्याच्यावर १९९५ मध्ये बर्फात जपून राहिलेली इंका काळातली मुलगी सापडली, पाचशे वर्षांपूर्वीची, तिला हुआनिता म्हणतात, अरेकीपाच्या म्युझियममध्ये तिच्याबद्दल आपण आधीच बघून आलेलो असतो. इथे चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगतात, सनस्क्रीनचं झाकण उघडलं की अर्धी ट्यूब हातावर येते, तर झाकणं हळू उघडा आणि पेन खिशात ठेवू नका.

ऑक्सिमीटरचं ऐका पण घाबरू नका

कोविडपासून सगळ्यांच्या डोक्यात ९४ चा आकडा पक्का बसलाय. चिवायला पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांची बोटं तपासतो तेव्हा ८८, ८६ असे आकडे येतात आणि लोक एकदम गप्प होतात, कुणी तर घरी मुलाला फोन लावतं. अहो, चार हजार मीटरच्या आसपास धडधाकट माणसाचाही आकडा ८५ ते ९० असू शकतो, तो तिथला नॉर्मल आहे. आम्ही आकड्यापेक्षा माणूस बघतो. डोकं दुखतंय, भूक नाही, झोप तुटक लागतेय, हे सोरोचे, उंचीच्या त्रासाला तिकडे हाच शब्द आहे, आणि ते एक-दोन दिवसांत जातं. पण डोकेदुखी गोळीने थांबत नाही, बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, चालताना झोक जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नसते, लगेच खाली न्यायचं असतं. ऑक्सिजनचा सिलिंडर आपल्या गाडीत कायम असतो पण त्याने फक्त वेळ मिळतो, इलाज खाली उतरणं हाच आहे. ग्रुप थांबेल, कार्यक्रम बदलेल, आम्ही तुम्हाला घेऊन उतरू, आणि याबाबतीत टूर लीडरचा शब्द शेवटचा राहील हे बुकिंगच्या वेळीच मान्य करावं लागतं.

फक्त लपवू नका, हात जोडून सांगतो. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून आपली माणसं सहन करत बसतात, विशेषतः बायका.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, उपयोगही होतो, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि कुणीही मैत्रिणीने घेतली म्हणून घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बीपी, शुगर, हृदयाचं काही झालेलं असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेलच. पहिल्या रात्री दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद. कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो, पेरू आणि बोलिव्हियात तो कायदेशीर आहे, खुशाल प्या, चव साधारण गवती चहाच्या अंगाने जाते. पण एकही पान किंवा टी बॅग बॅगेत घेऊन चिलेत किंवा भारतात येऊ नका, आपल्याकडे तो अंमली पदार्थांच्या कायद्यातला गुन्हा आहे.

जेवणाचं

शाकाहारी लोकांनी फक्त 'सिन कार्ने' म्हणून चालत नाही, बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ लाल मांस नको एवढाच घेतात आणि किन्वाचं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं येतं. म्हणून आम्ही प्रत्येकाला स्पॅनिशमधलं छापील कार्ड देतो, मटण नको, चिकन नको, मासे नको, त्यांचं पाणीही नको, ते वेटरला दाखवायचं. जैन मंडळींना प्रामाणिकपणे सांगतो, कंदमुळं वगळून या भागात बाहेर जेवण जवळजवळ होतच नाही, बटाटा इथलाच आहे. आपल्या उपवासाच्या ताटातलं बघा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, हे सगळं दक्षिण अमेरिका आणि आसपासच्या मुलखातून पोर्तुगीजांच्या वगैरे जहाजांनी जगभर गेलेलं, आणि कुस्कोच्या बाजारात किविचाच्या वड्या मिळतात ती हुबेहूब आपली राजगिऱ्याची वडी, किविचा राजगिऱ्याच्याच कुळातला. बाजारात चुन्यो नक्की हातात घेऊन बघा. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग बायामाणसं पायाने तुडवून त्यातलं पाणी काढतात, असं काही दिवस केलं की सुरकुतलेला, रिठ्यासारखा काळपट, वजनाला काहीच नाही असा बटाटा उरतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो तशी त्यांची पाचामामा. पिण्याआधी दोन थेंब तिच्यासाठी जमिनीवर सांडतात, आपण जेवणाआधी चित्राहुती घालतो तसंच. ड्रायव्हरने असं केलं तर तुम्हीही करा, त्यांना फार बरं वाटतं.

आणि हो, आपण कुकर नेतो. चार हजार मीटरच्या वर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास टणटणीत राहते, हे एकदा लगूनवर भुकेल्या ग्रुपसमोर शिकलो. आता वरणभात मिळतो.

तितिकाका ते उयुनी

चिवायजवळ कोल्काच्या दरीवर सकाळी आठ ते दहा काँडॉर बघायला उभं राहायचं असतं. पक्षी इतका जड, पंधरा किलोपर्यंत, की नुसते पंख मारून त्याला उंची गाठणं जड जातं, उन्हाने दरीतली हवा तापून वर यायला लागली की तो तिच्यावर स्वार होतो, तीन मीटरहून मोठे पंख पसरून, आणि डोक्यावरून गेला की वारा कापल्याचा आवाज येतो.

पुनोला तितिकाका, ३,८१२ मीटरवर, दोन गोव्यांपेक्षा मोठा तलाव. उरोस लोकांची बेटं तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची, खालून कुजत जातात आणि वरून नवीन थर टाकत राहतात, पाय ठेवला की गादीसारखं दबतं. ताकीले बेटावर पुरुष विणकाम करतात, टोपीवरून लग्न झालंय की नाही ते कळतं, या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मान दिला. धक्क्यापासून वर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, पर्वती एका दमात चढणाऱ्यांनीही इथे दर वीस पायऱ्यांवर थांबायचं. कोपाकाबानाहून ला पाझला जाताना तिकिनाला आपली बस एका लाकडी तराफ्यावर चढवतात आणि आपण वेगळ्या छोट्या बोटीतून पाणी ओलांडतो, बॅगा बसमध्येच, पासपोर्ट मात्र गळ्यात. बस डुलताना बघून पोटात गोळा येतो, पण ती रोजची वाहतूक आहे. याच तलावावर बोलिव्हियाचं नौदल आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या लढाईत चिलेने त्यांचा समुद्रकिनारा घेतला तरी नौदल त्यांनी ठेवलंच, आणि तिथल्या माणसाशी बोलताना हा विषय फार जपून काढा.

उयुनीचं मिठाचं मैदान १०,५८२ चौरस किलोमीटर, पावणेतीन गोवे मावतील एवढं. फोटोत आरसा दिसतो तो जानेवारी ते मार्चच्या पाण्यातला. आपले ग्रुप मे आणि सप्टेंबरमध्ये जातात तेव्हा मैदान कोरडं असतं, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर मनात राहायला नको. कोरड्यात जमिनीवर षटकोनी चौकटी उमटलेल्या असतात, कडा हाताला टोचतात, आणि मधल्या इंकावासी बेटावर निवडुंगांच्या गर्दीपर्यंत जीप जाते, जी पावसाळ्यात बऱ्याचदा जात नाही. इथे ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांना सनस्क्रीन लावा, काळा गॉगल एक क्षणही काढू नका.

पुढच्या दोन रात्री टूरमधल्या सगळ्यात कठीण आणि आम्हाला सगळ्यात आवडत्या. लगूना कोलोरादा ४,२७८ मीटर, शेवाळाने लाल झालेलं पाणी, मध्ये बोरॅक्सची पांढरी बेटं आणि तीन जातींचे फ्लेमिंगो. राहायला साध्या खोल्या, गरम पाणी नाही, वीज थोडा वेळ, बाहेर उणे पंधरापर्यंत जाऊ शकतं. स्लीपिंग बॅग आम्ही देतो, थर्मलचे दोन जोड तुमचे. पहाटे अंधारात ४,८५० च्या वर सोल दे मान्यानाला जमिनीतून निघणाऱ्या वाफा बघायला जातो, तिथे आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, खालची जमीन पोकळ आणि उकळती असते. हे जमणार नाही असं वाटलं तर आत्ताच सांगा, उयुनीहून विमानाने ला पाझला परतायची सोय आधीपासून करता येते.

कागदपत्रं आणि बॅग

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, पेरू-बोलिव्हियातून परतताना भारतातच हे कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, प्रत्येकाचा पासपोर्ट बघून आम्ही सांगू, पण अमेरिकेवरून जाणारं तिकीट स्वतः काढू नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. विमा घेताना किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा, पाच हजार मीटरपर्यंतचा हवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणा, कोपरा फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट बोलिव्हियात कुणी घेत नाही. चिलेच्या सीमेवर फळं, बिया, मध वगैरे चालत नाही, लाडू-चिवडा उरला असेल तर फॉर्मवर लिहा, लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड मोठा आहे.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, लगूनच्या दोन रात्री फोन लागणार नाही. तिसऱ्या दिवशी सीमेवर गाडी बदलून आपण तासाभरात दोन हजार मीटर खाली सान पेद्रोला उतरतो, दुपारची वेळ असते, सगळ्यांना एकदम श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं आणि मोबाइलला रेंज येते, तेव्हा इकडे रात्र झालेली असते, तर त्या दिवशी फोन रात्री येईल.