संकटाची मात्रा आणि कर्जाचा आकडा

यशस्वी उद्योजकाची मुलाखत वाचायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात बालपणीचे हाल येतातच, आणि त्या हालांनीच माणूस घडला हा निष्कर्षही पाठोपाठ येतो. अर्थशास्त्रज्ञांनी हा दावा मुलाखतींऐवजी कंपन्यांच्या ताळेबंदांत तपासून पाहिला, तेव्हा चित्र इतके सरळ निघाले नाही.

उल्रिके मालमेंडियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की १९३०च्या दशकातील महामंदीत लहानाचे मोठे झालेले अमेरिकी कंपनीप्रमुख कर्ज काढण्यास कचरत आणि शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या पैशावरच भिस्त ठेवत. अंथरूण पाहून पाय पसरण्याची सवय मंदी सरल्यानंतरही, अगदी मोठ्या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीत बसल्यावरही, सुटली नव्हती.

मग संकट माणसाला भित्रे करते असे म्हणावे का? २०१७ मध्ये जेनारो बर्निले, विनीत भागवत आणि राघवेंद्र राव यांनी कंपनीप्रमुख ५ ते १५ वर्षांचे असताना त्यांच्या जन्मभागात भूकंप, पूर, चक्रीवादळे अशा आपत्तींत किती माणसे दगावली होती, याची नोंद काढली आणि ती त्यांच्या नंतरच्या निर्णयांशी ताडून पाहिली. ज्यांच्या परिसरात आपत्ती आली पण मनुष्यहानी मध्यम राहिली, ते पुढे अधिक कर्ज काढणारे, इतर कंपन्या विकत घेण्यात पुढे असणारे निघाले. ज्यांनी भीषण संहार जवळून पाहिला होता, ते मात्र हात आखडता घेणारे निघाले. कारण बहुधा असे असावे, की पहिल्यांना धोका येतो आणि जातो एवढेच दिसले, तर दुसऱ्यांना त्याची पुरती किंमत दिसली. अर्थात या नोंदींत फक्त प्रमुखपदापर्यंत पोहोचलेलीच माणसे आहेत. त्याच आपत्तींत ज्यांची उमेदच खचली, त्यांचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही, आणि मुलाखतींतील हालांच्या कथांनाही हाच आक्षेप लागू पडतो.

लहानपणी रुजणाऱ्या मूल्यांचे मोजमाप याहून अवघड आहे. संयम हा उद्योगनेत्याचा गुण मानला जातो, आणि तो लहानपणीच कळतो असे सांगताना मुलांसमोर मार्शमेलो हा मऊ गोड खाऊ ठेवण्याच्या प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो: थांबलास तर एकाऐवजी दोन मिळतील. पण २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्याआधी एक पायरी जोडली. मुलांना वापरून झिजलेले खडू देऊन, थोडे थांबलात तर चांगले रंगसाहित्य आणते, असे प्रयोग घेणाऱ्या बाईने सांगितले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांसमोर ती बाई रिकाम्या हाताने परतली आणि साहित्य संपल्याचे सांगून तिने माफी मागितली. हाच प्रकार स्टिकरांच्या बाबतीत पुन्हा झाला. त्यानंतर मार्शमेलो समोर ठेवल्यावर, दिलेला शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, तर फसवणूक अनुभवलेली जेमतेम ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात एकच. प्रयोग लहान आहे, तरीही थांबण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच असावी. कमी पडला तो समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दावरचा भरवसा, असेच त्यावरून दिसते.