त्रिकोणी तक्त्याची गोष्ट

तिकिटाचं मशीन यायच्या आधी आमच्या चिपळूणच्या एसटीत कंडक्टरकडे कळकट भाडेतक्ता असायचा. थांब्यांची नावं पायऱ्यांसारखी तिरकी उतरलेली, आणि दोन थांब्यांच्या रांगा जिथे भेटतील त्या चौकटीत भाडं. अनेक औषधांच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिसमधला ‘लीग टेबल’ मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तोच तक्ता आठवला. थांब्यांच्या जागी औषधं, भाड्याच्या जागी दोन औषधांतला फरक.

‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ (एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मोजणं) हा शब्द जीन ग्लास यांनी 1976 मध्ये रूढ केला. तेव्हा प्रश्न दोनच उपचारांचा असे. अशी एक जोडी कशी तोलतात, ते महाडच्या एकाच चाचणीत पाहा. डॉ. हिंमतराव बावस्करांची विंचूदंशावरची चाचणी 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली: एका गटाला नुसतं प्राझोसिन (रक्तदाब उतरवणारं औषध), दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 35 पैकी 32. समोरासमोर तुलना, एक जोडी, विषय संपला.

पण बहुतेक आजारांत औषधं डझनभर, आणि त्यातल्या कित्येक जोड्यांची समोरासमोर गाठ कधी पडलेलीच नसते. 1997 मध्ये बुचर आणि सहकाऱ्यांनी वाट दाखवली: ‘अ’ आणि ‘क’ दोघांची तुलना ‘ब’शी झाली असेल, तर त्या दोन फरकांची वजाबाकी करून अ-क फरक काढता येतो. मात्र फरक वजा झाले तरी अनिश्चितता वाढतच जाते. एका बाजूची प्रमाणत्रुटी (अंदाज किती डळमळीत ते सांगणारा आकडा) 3 आणि दुसरीची 4 असेल, तर निघालेल्या फरकाची 5, कारण त्रुटींचे वर्ग बेरजेला येतात. शिवाय दोन्हीकडचे रुग्ण साधारण सारखे हवेत, नाहीतर वजाबाकीच फसवी. 2002 मध्ये लम्ली यांनी आणि 2004 मध्ये लू आणि एड्स यांनी अशा सगळ्या वाटा एका जाळ्यात गुंफल्या. लू-एड्स यांची मांडणी बेजची होती: आधीचा अंदाज नव्या पुराव्याने सुधारत जाण्याची.

थॉमस बेज यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये छापला गेला. पण ही गणितं रोजच्या वापरात आली ती केंब्रिजमध्ये 1989 ला सुरू झालेल्या ‘बग्ज’सारख्या सॉफ्टवेअरमुळे. संगणक हजारो फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत सगळ्या औषधांचे परिणाम एकदम काढतो. म्हणून जोडीचा फरक त्याच फेरीत वजा करायचा आणि हजारो फरकांची मधली किंमत व 95 टक्के क्रेडिबल इंटरव्हल (खरा फरक 95 टक्के शक्यतेने ज्या पल्ल्यात असेल तो) द्यायचं. लोक इथेच घसरतात. दोन्ही औषधांचे प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना करून काढलेले इंटरव्हल शेजारी ठेवतात आणि ‘एकमेकांवर चढलेत, म्हणजे फरक नाही’ असं लिहून मोकळे होतात. दोन्ही आकडे एकाच प्लासिबोला बांधलेले असतात, ते सुटे नसतात. चढलेल्या इंटरव्हलांमागेही फरक स्पष्ट असू शकतो.

जोड्या वाढल्या तशी मांडणी अवघड झाली. 2009 मध्ये लॅन्सेटमध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या 12 औषधांची तुलना दिली: 66 जोड्या. 2018 मध्ये औषधं 21, चाचण्या 522, जोड्या 210. एवढ्या जोड्या ओळीने लिहिल्या तर कोण वाचणार? म्हणून त्रिकोण. पण त्रिकोणात दिशेचा घोळ होतो. आडव्या रांगेतलं औषध उभ्या रांगेतल्याशी तोललंय की उलट, हे तळटीपेत नसेल तर 0.50 ते 0.80 हे गुणोत्तराचं इंटरव्हल (1 म्हणजे फरक नाही) कुणी 1.25 ते 2.00 असंही वाचेल. म्हणजे जिंकलेलं औषध हरतं.

2011 मध्ये सालांती, एड्स आणि इओआनिडिस यांनी ‘सुक्रा’ आणला: क्रमवारीच्या शक्यतांचा एकच आकडा, 0 ते 100 टक्के; जितका जास्त, तितकं औषध वरच्या नंबराचं. वाचकांना तो फार आवडला. मला त्याच्याबद्दल थोडी धास्ती आहे. पहिल्या आणि तिसऱ्या नंबरातला फरक नगण्य असला, तरी नंबर नंबरच दिसतो. 2015 च्या प्रिस्मा (अभ्यासांचे अहवाल कसे लिहावेत याची नियमावली) विस्ताराने अशा अहवालांची शिस्त घालून दिली, हे बरं झालं.

मला स्वतःला एक रीत पटते: त्रिकोणाच्या खालच्या भागात जाळ्याचा निकाल, वरच्या भागात फक्त समोरासमोरच्या चाचण्यांचा. जिथे अशी चाचणी नाही, ती वरची चौकट रिकामीच राहते.