जन्म-मृत्यूची नोंद: एकवीस दिवसांत काय करायचं आणि उशीर झाला तर काय

लेक बाळंतपणाला माहेरी येते, बाळ माहेरच्या तालुक्यातल्या रुग्णालयात जन्मतं, आणि सहा महिन्यांनी घरचे लोक दाखला मागायला सासरच्या ग्रामपंचायतीत जातात. तिथं नोंद सापडणारच नाही. जन्म किंवा मृत्यू जिथं घडला, तिथल्याच निबंधकाकडे त्याची नोंद होते. आधार कार्डावर कुठलं गाव आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं एक लक्षात ठेवलं तरी कितीतरी हेलपाटे वाचतात.

निबंधक म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. कायदा केंद्राचा, १९६९ सालचा. त्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. आपल्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर निभावलं. या मुलांचं तसं निभणार नाही.

पात्रतेची अट नाही. गाव कुठलंही असो, आईवडिलांचं लग्न झालेलं असो-नसो, जन्म झाला की नोंद झालीच पाहिजे. बाळ मृत जन्माला आलं तरी त्याचीही वेगळी नोंद होते. त्या दुःखात कुणाला हे सुचत नाही, म्हणून जवळच्या नातेवाइकानं हे काम अंगावर घ्यावं.

रुग्णालयात जन्म झाला तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाला तर घरच्या कर्त्या माणसाची. घरच्या बाळंतपणात माता-बाल संरक्षण कार्ड आणि आशाताईंनी केलेली नोंद कामी येते. आईवडिलांचे आधार क्रमांक असतील तर तेही लिहून घेतात. २१ दिवसांच्या आत कळवलं तर शुल्क नाही, आणि नोंद झाल्यावर सात दिवसांत पहिला दाखला मोफत मिळायला हवा.

खरी काळजी घ्यायची ती फॉर्म भरताना. प्रसूतीनंतरच्या गडबडीत परिचारिका विचारते, कुणीतरी तोंडी सांगतं आणि आईचं नाव ‘सुनंदा’चं ‘सुनिता’ होऊन बसतं. सही करण्याआधी आईवडिलांची नावं आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा, मराठीही आणि इंग्रजीही. नंतर दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही-तारीख करतो, आणि त्यासाठी पुरावे तुम्हाला जमवावे लागतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर घाई नको. नावाशिवायही नोंद होते. नोंदीपासून बारा महिन्यांत नाव कळवलं तर फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

आता उशीर झाला असेल तर. २२ ते ३० दिवसांत थोडं विलंब शुल्क भरलं की काम होतं. महिना उलटला पण वर्ष झालं नाही, तर जिल्हा निबंधकाची किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो. वर्ष उलटलं की प्रकरण जड होतं. आधी निबंधकाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असं प्रमाणपत्र घ्यायचं, मग जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. शाळेचा दाखला, रुग्णालयाची कागदपत्रं, लसीकरण कार्ड, जे जुनं हाती असेल ते जोडा. राज्यात २०२५ पासून ही तपासणी कडक झाली आहे, त्यामुळे अर्जातला प्रत्येक तपशील पुराव्याशी जुळलाच पाहिजे.

मृत्यूच्या नोंदीलाही हीच मुदत. पण इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात, त्यात केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं लिहिणं पुरेसं नाही. ते तर प्रत्येकाचंच होतं. ती कशानं बंद पडली, त्यामागे मधुमेह होता, क्षयरोग होता की सर्पदंश, ते लिहायचं असतं. महाराष्ट्रात या नोंदणीचं काम सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे ते याचसाठी. कुठल्या तालुक्यात किती बाळं जन्मली यावरून लसींचा अंदाज बांधतात. माणसं कशानं गेली यावरून औषधं कुठं पाठवायची ते कळतं. ज्या वस्तीतले मृत्यू नोंदलेच जात नाहीत, तिथला आजार सरकारच्या लेखी नसतोच. आजार लपवायचा म्हणून काही घरं नोंद टाळतात, त्यांना सांगा: दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलं जात नाही, कायद्यानंच तशी मनाई आहे. आता कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळते. ती मागून घ्या.

काम अडलं तर? अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निबंधकानं नोंदच नाकारली, तर त्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं. नोंद आहे पण दाखला मुदतीत मिळत नाही, तेव्हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हाताशी आहे. कोणती सेवा किती दिवसांत, शुल्क किती, अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, तिथं दाद न मिळाल्यास दुसरं, आणि तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोचपावतीवरची तारीख हाच तुमचा पुरावा, म्हणून ती अर्जाच्या प्रतीला तिथंच टाचून ठेवा.