हातमोज्यापासून उघड्या हातापर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मध्यंतरी पाहिलेली गोष्ट. लेथवर काम करणाऱ्याचे दोन्ही हात ग्रीसनं माखलेले आणि ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उघडलेलं. पुढचं पान बघायला त्यानं मनगटानं माऊस सरकवला आणि करंगळीच्या कडेनं बटण दाबलं. हात न लावता कॉम्प्युटर चालवायची गरज काय, हे तिथं एका क्षणात कळलं. इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाला हाच प्रोजेक्ट हौसेनं घेतात. लॅपटॉपसमोर पंजा धरला की पडद्यावर पेरापेरावर ठिपके उमटतात, अंगठा आणि तर्जनी जुळली की क्लिक. एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीला जवळपास पन्नास वर्षं लागली आहेत.

सुरुवात हातमोज्यानं झाली. १९७७ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात ‘सेअर ग्लोव्ह’ तयार झाला. बोटांवर लवचीक नळ्या, नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा फोटोसेल. बोट वाकलं की पलीकडे पोचणारा उजेड कमी व्हायचा, त्यावरून वाक मोजायचा. मला आजही ही युक्ती फार देखणी वाटते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवून आणि तोंडानं सांगून पडद्यावरचे आकार हलवून दाखवले, पण मनगटाला सेन्सर होताच. १९८७ चा डेटाग्लोव्ह, १९८९ चा निन्टेंडोच्या व्हिडिओ गेमसाठीचा पॉवर ग्लोव्ह, सगळे त्याच माळेतले. दरवेळी अंगावर काहीतरी चढवायचंच.

मायरन क्रूगर या अमेरिकन कॉम्प्युटर-कलाकारानं मात्र सत्तरच्या दशकातच ‘व्हिडिओप्लेस’मध्ये कॅमेऱ्यानं माणसाची आकृती टिपून, अंगावर काहीही न घालता पडद्याशी खेळता येतं हे दाखवलं होतं. वाट त्यांचीच बरोबर होती. २०१० मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, म्हणजे व्हिडिओ गेमसाठीचा सेन्सर, कॅमेऱ्याच्याच वाटेनं गेला. तो खोलीभर न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकायचा आणि त्यांची नक्षी कुठं सरकली यावरून अंतर काढायचा. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं.

खरा बदल २०१९ चा. गुगलच्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरनं साध्या वेबकॅमवर हात ओळखायची सोय खुली केली. ते बोटं आधी शोधत नाही, तळवा शोधतं. कारण बोटं कशीही वळतात, तळव्याचा आकार फारसा बदलत नाही. तळवा सापडला की हातावरचे २१ बिंदू. यासाठी सुमारे तीस हजार खऱ्या फोटोंवर या बिंदूंच्या खुणा करून मशीनला शिकवलं होतं. महागडं यंत्र नको, म्हणूनच तो प्रोजेक्ट आज कोल्हापुरातल्या मुलाच्या टेबलावर आहे. बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडवला त्या गावात हे व्हावं, याचा मला मनापासून आनंद आहे.

कीबोर्ड मात्र यानं जाणार नाही. हात हवेत धरून काम केलं की थोड्याच वेळात खांदा भरून येतो, मग तो तालमीतला पैलवान का असेना. पानभर मजकूर असा कोण लिहील? पण त्या लेथवाल्याला लिहायचं नाहीच. त्याला दोनच इशारे हवेत: पान उलट आणि आकृती मोठी कर.