वॉरंटी संपल्यावर लॅपटॉप बिघडला? आधी जॉबशीट शोधा

"वॉरंटी संपून दोनच महिने झाले हो," असं म्हणत माणूस बॅग टेबलावर ठेवतो. चार्जर आणलेला असतो, खोकंही घरी माळ्यावर जपलेलं असतं. वॉरंटीत असताना कधी सर्व्हिस सेंटरला दिला होता का, असं विचारलं की उत्तर येतं, "दिला होता की, दोनदा. तेव्हाही मधेच बंद पडायचा." मग त्याचं जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप जमा करताना सर्व्हिस सेंटरने दिलेला तक्रारीचा कागद, कुठंय? ते नसतं. ग्राहक मदतीच्या कामात बसायला लागल्यापासून हे इतक्यांदा पाहिलंय की आता बॅग उघडायच्या आधीच कागद मागतो.

वॉरंटी संपली की फुकट दुरुस्ती संपते, पण तक्रारीचा हक्क त्याच दिवशी संपत नाही. दोष मूळचा होता किंवा वॉरंटीतच दिसला होता, हे दाखवता आलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. दाखवायचं मात्र आपण. चार वर्षं वापरून, एकदा चहा सांडून बंद पडलेल्या लॅपटॉपसाठी ग्राहक आयोगात जाऊ नका, वेळ जाईल.

जॉबशीट हरवलं असेल तर मेल आणि एसएमएसमध्ये जॉब नंबर शोधा. नाहीच सापडला तर सीरियल नंबर देऊन कंपनीकडे आजवरच्या दुरुस्त्यांची नोंद मेलवर मागा. उत्तर नाही आलं तरी तो मेल फाइलला लावा. पुढच्या वेळी लॅपटॉप जमा करताना काउंटरवरच जॉबशीट वाचा. आपण सांगतो "दहा मिनिटांत गरम होऊन बंद पडतो", आणि तिथला मुलगा लिहितो "चेकअप". ते बदलून घ्या. कोपऱ्यावर जुना ओरखडा असला की "फिजिकल डॅमेज"वर खूण होते आणि पुढे सगळं त्याच्यावरच ढकललं जातं. म्हणून देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. परत घेताना "दोष आढळला नाही" असं लिहिलं असेल, तर नुसती सही करू नका, "तक्रार कायम" असं लिहून मग करा.

कंपनीने त्या मॉडेलसाठी मुदतीनंतरची मोफत दुरुस्ती जाहीर केली आहे का, तेही पाहा. अ‍ॅपलने २०१८ मध्ये मॅकबुकच्या बटरफ्लाय कीबोर्डसाठी अशी योजना काढली होती, खरेदीपासून चार वर्षांपर्यंत. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

आता आयोगात तक्रार दाखल करायची मुदत. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन वर्षं मोजतात ती तक्रारीचं कारण घडल्यापासून, वॉरंटी संपल्यापासून नव्हे. समजा, लॅपटॉप जून २०२४ मध्ये घेतला, एप्रिल २०२५ मध्ये पहिल्यांदा बंद पडला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने हात वर केले. तरी सुरक्षित हिशेब एप्रिलपासूनच धरा. "मेल चालू होते", "१९१५ वर तक्रार केली होती" म्हणून घड्याळ थांबत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मध्यस्थी करते, आयोग नव्हे. उशीर झालाच तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि "माहीत नव्हतं" हे कारण सहसा चालत नाही.

बिलाचं दुखणं वेगळं. जीएसटीचा फायदा म्हणून बिल आपल्या दुकानाच्या किंवा धंद्याच्या नावावर घेतलेलं असतं, आणि सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) पहिल्याच उत्तरात म्हणतात की खरेदी व्यापारी हेतूची, हा ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी लॅपटॉप वापरत असाल तर कायद्यात त्याला सूट आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहायला हवं. ऑनलाइन खरेदीत बिलावर विक्रेत्याचं नाव वेगळंच असतं. त्यालाही कंपनी आणि सर्व्हिस सेंटरसोबत सामनेवाला करा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं, आजच झेरॉक्स काढा.

बाकी सोपं आहे. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, मग ई-जागृती पोर्टलवर किंवा जिल्हा आयोगात तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागद द्या. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. सदस्यांच्या रिकाम्या खुर्च्यांनी तो वाचलेला दिसत नाही.

एक चूक मात्र पुन्हा दुरुस्त करता येत नाही. काम अडतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात मदरबोर्ड बदलून घेतात आणि जुना बोर्ड तिथेच भंगारात जातो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पाठवायला वस्तू तर हवी. दुरुस्ती करावीच लागली, तर काढलेला बोर्ड मागून घ्या, काय बिघडलं होतं ते दुकानाच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून घ्या आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवा.