हॉटेल सॉफ्टवेअरमधील कर्मचारी-अधिकार

हॉटेलच्या संगणकप्रणालीत कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसावे, काय नोंदवता यावे आणि काय बदलता यावे, याची आखणी. आरक्षण, चेक-इन, केओटी (स्वयंपाकघराला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी), बिल आणि हाउसकीपिंग एकाच प्रणालीत आले, तेव्हापासून गल्ल्याच्या किल्लीचे काम लॉगिन करते.

अधिकार माणसाला न देता हुद्द्याला देण्याची पद्धत रूढ आहे. तिची औपचारिक मांडणी डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी 1992 मध्ये अमेरिकेत केली; 2004 मध्ये ती तिथले राष्ट्रीय मानक झाली. हाउसकीपिंगच्या मुलाला 'डर्टी' खोली 'क्लीन' करता येते, पण त्या खोलीचे भाडे दिसायचे कारण नाही. रिसेप्शनवर चेक-इन होते, पैसे घेतले जातात. दरपत्रक मात्र तिथून बदलता येऊ नये.

खरी जोखीम चार-पाच बटणांत असते: सवलत, परतावा, दरबदल, बिल रद्द करणे, मागील तारखेची नोंद. पाहुण्याकडून रोख घ्यायची आणि तो गेल्यावर बिल रद्द करायचे, ही जुनी युक्ती. म्हणून रद्द करण्यासाठी ड्युटी मॅनेजरची मंजुरी आणि लेखी कारण लागेल अशी सोय करतात. नाइट ऑडिट, म्हणजे रात्रीची हिशेबतपासणी, झाले की त्या दिवसाचा हिशेब बंद होतो. तो पुन्हा उघडण्याचा अधिकार जितक्या कमी हातांत, तितका बरा. भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद सक्तीची आहे. पण चौघे जण एकच 'रिसेप्शन' लॉगिन वापरत असतील, तर त्या नोंदीतून बदल कळतो, माणूस कळत नाही.

नागपुरात या व्यवस्थेचा कस डिसेंबरात लागतो. विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यायचे, असे 1953 च्या नागपूर करारात ठरले. हिवाळी अधिवेशनात सीताबर्डी, रामदासपेठ, वर्धा रोडवरच्या हॉटेलांत गर्दी होते. अशा हंगामापुरत्या घेतलेल्या माणसांना जुन्यांचाच पासवर्ड सांगणे सोपे वाटते. त्यापेक्षा ठरलेल्या तारखेला आपोआप बंद होणारे स्वतंत्र खाते काढायला पाच मिनिटे पुरतात.

पाहुण्यांची माहिती हा वेगळा भाग. पेंच किंवा ताडोब्याला जाताना शहरात उतरलेल्या परदेशी पर्यटकाची माहिती (पूर्वीचा सी-फॉर्म) 24 तासांत सरकारकडे नोंदवावी लागते. त्यासाठी घेतलेली पासपोर्टची प्रत रेस्टॉरंटच्या कॅप्टनला किंवा स्टोअरकीपरला उघडता येण्याची गरज नसते. कार्डव्यवहारांच्या पीसीआय डीएसएस मानकानुसार प्रत्येक वापरकर्त्याची ओळख स्वतंत्र हवी, आणि 90 दिवस न वापरलेले खाते बंद करावे लागते.

नोकरी सोडलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करतात, खोडत मात्र नाहीत. काही प्रणालींत खाते खोडले की त्याने केलेल्या जुन्या बिलांवरचे नावही जाते.