दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन : रुग्णांची पसंती

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्याच्या, काही आजारांत डोळ्याच्या आतील काचाभ द्रवात औषध टोचावे लागते. दोन्ही डोळे आजारी असतील, तर ही इंजेक्शने एकाच भेटीत घ्यावीत की काही दिवसांच्या अंतराने एकेका डोळ्यात घ्यावीत, याविषयी रुग्णाने व्यक्त केलेली इच्छा हा या नोंदीचा विषय आहे. वैद्यकीय दृष्ट्या दोन्ही मार्ग खुले असतात तेव्हा निर्णय रुग्णाच्या इच्छेवर सोपवला जातो. ही इच्छा वरवर पाहता सोयीचा प्रश्न वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे दवाखान्याचे अंतर, सोबतीला येणारे माणूस, पहिल्या इंजेक्शनचा अनुभव, खर्च आणि दृष्टी गमावण्याची भीती एवढ्या गोष्टी असतात, आणि यांपैकी काहीही बदलले की तीही बदलते.

या उपचारातील मुख्य औषधे व्हीईजीएफ या प्रथिनाचे कार्य रोखतात. या प्रथिनामुळे दृष्टिपटलावर नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पीतबिंदूला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरील स्पष्ट दृष्टीच्या जागेला, सूज येते. रुग्णांच्या बोलण्यात तिला ‘पडद्याला आलेली सूज’ म्हणतात. या औषधांपैकी बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि डोळ्यासाठी त्याचा वापर त्यानंतर सुरू झाला. रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आणि अफ्लिबरसेप्ट २०११ मध्ये खास डोळ्यासाठी आले. भारतात रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्ती २०१५ पासून मिळू लागली आणि खर्च काहीसा आवाक्यात आला. औषधाची मात्रा बहुधा ०.०५ मिलिलिटर एवढीच असते, पण तिचा परिणाम काही आठवडेच टिकतो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने दरमहा आणि पुढे सूज पाहून अंतर वाढवत इंजेक्शने घ्यावी लागतात. एकदाच घ्यायच्या इंजेक्शनसाठी दोन वेगळे दिवस काढणे कोणालाही जमते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारात तोच प्रश्न वेगळा होतो.

गोव्यात या प्रश्नाला अधिक धार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मधुमेह दोन्ही डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांवर आघात करतो. एका डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या ओसीटी तपासणीत (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणी) दुसऱ्या डोळ्यातही सूज निघणे नित्याचे आहे. वयोमानानुसार होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासात मात्र दुसरा डोळा पुष्कळदा काही वर्षांनी बिघडतो, आणि तोवर रुग्णाला एका डोळ्याच्या इंजेक्शनांची सवय झालेली असते.

एकाच दिवशी दोन्ही इंजेक्शने मागणारा रुग्ण पहिले कारण सांगतो ते खेपांचे. काणकोणहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात यायचे तर साठ किलोमीटरहून अधिक अंतर पडते. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून यायचे तर वाळपईपर्यंतचा प्रवास आणि पुढची बस यांतच सकाळ जाते. चोडण बेटावरच्या माणसाला फेरीबोट सांभाळावी लागते. दोडामार्ग, सावंतवाडीकडूनही रुग्ण बांबोळीला येतात. दर महिन्याला प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र दिवस धरला, तर तपासणीची भेट वेगळी आणि मुलाचा किंवा सुनेचा कामावर खाडाही दोनदा. आपल्यामुळे घरच्यांचा दिवस मोडतो, याचा सल वृद्ध रुग्णांना इंजेक्शनच्या दुखण्यापेक्षा अधिक असतो, आणि त्यापायीच उपचार अर्ध्यावर सुटतात. हे नुकसान भरून येत नाही, कारण सूज दीर्घकाळ राहिली तर पीतबिंदूतील पेशी कायमच्या निकामी होतात. म्हणून एका भेटीत दोन्ही डोळे करण्याची सोय ही चैन समजू नये. २०२० च्या करोनासाथीत दवाखान्यातील फेऱ्या कमी ठेवणे जगभर भाग पडले, तेव्हा या पद्धतीचा आधार अधिक घेतला गेला.

दुसरे कारण मनाचे आहे. इंजेक्शनच्या आदल्या रात्री झोप न लागणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ ही त्यांची भूमिका असते. परदेशांतील रुग्णपाहण्यांत, ज्यांना दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शने मिळाली होती अशा बहुसंख्य रुग्णांनी तीच पद्धत पुढे चालू ठेवण्याची इच्छा दाखवली आहे. हा कल खरा असला तरी तो जपून वाचला पाहिजे. दुहेरी इंजेक्शन घेत राहिलेल्यांनाच त्याविषयी विचारले, तर ते न मानवल्यामुळे वेगळे दिवस मागून घेतलेल्यांचा किंवा येणेच थांबवलेल्यांचा आवाज त्यात उमटत नाही.

वेगळे दिवस मागणाऱ्यांचे म्हणणे ‘एक डोळा तरी मोकळा राहू दे’ एवढ्यात सामावते. इंजेक्शननंतर काही तास दृष्टी धूसर राहते, औषधाचा किंवा हवेचा ठिपका नजरेपुढे तरंगतो आणि जंतुनाशक द्रावणामुळे डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपत राहते. सुई टोचल्याचे दुखणे क्षणाचे असते. रुग्णांच्या तक्रारी बहुधा या खुपण्याच्या असतात. एका डोळ्याचे इंजेक्शन झालेला धडधाकट माणूस दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर बसने घरी पोचतो, फार तर मोटारसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून नेणाऱ्याच्या, मागे बसतो. दोन्ही डोळे केलेल्या रुग्णाला सोबत आणि वाहन लागतेच. जो घरी एकटा राहतो, ज्याची मुले आखातात किंवा बोटीवर आहेत, त्याच्यासाठी ती एक संध्याकाळ अवघड असते.

त्या संध्याकाळचा एक प्रसंग मधुमेही रुग्णांच्या बाबतीत आवर्जून ध्यानात घ्यावा लागतो. रात्रीच्या जेवणापूर्वी स्वतः इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णाला सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचून मात्रा भरायची असते. दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले आणि वर दोन्हींत इंजेक्शन झालेले असताना त्या रेघा दिसत नाहीत. दहाच्या जागी वीस युनिट गेले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून दोन्ही डोळे एकदम करायचे ठरले, की रात्रीचे इन्सुलिन कोण भरून देणार, हे सकाळीच ठरवून घ्यावे. शेजारीण, नात, गावातील परिचारिका, कोणीही चालेल. पण नाव ठरलेले असावे.

सुरक्षिततेचा विचार या पसंतीच्या आधी येतो. इंजेक्शननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणपणे दोन ते तीन हजार इंजेक्शनांत एक, एवढे कमी आहे. परंतु तो झाला तर दृष्टी जाऊ शकते, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी झाला तर रुग्ण अंध होऊ शकतो. यावरचा उपाय म्हणजे दोन्ही डोळ्यांची इंजेक्शने ही दोन स्वतंत्र शस्त्रक्रिया मानणे. पहिला डोळा झाला की डॉक्टर हातमोजे काढतात. नवे हातमोजे, डोळ्यावरचे नवे निर्जंतुक कापड, पापण्या उघड्या धरणारा दुसरा चिमटा, नवी सिरिंज आणि नवी सुई घेतली जाते. दुसरा डोळा ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने नव्याने धुतला जातो आणि मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे सुई टोचली जाते. मोठ्या कुपीतून लहान मात्रांत विभागलेले औषध असेल, तर दोन डोळ्यांसाठी ते वेगवेगळ्या बॅचचे घ्यावे, कारण एका बॅचमधला दोष दोन्ही डोळ्यांना भोवू नये. ही भीती काल्पनिक नाही: २०१६ च्या आरंभी गुजरातमधील रुग्णांना संसर्ग झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅबच्या डोळ्यातील वापराविरुद्ध सूचना काढली होती, पुढे ती मागे घेण्यात आली. या सर्व दक्षता पाळल्या जातात का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे आणि त्याने तो संकोच न करता वापरावा.

काही परिस्थितींत पसंती विचारली तरी डॉक्टर वेगळे दिवसच सुचवतात. पापणीला किंवा डोळ्याला संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत इंजेक्शनच पुढे ढकलतात. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर रक्तात उतरणारी औषधाची दुप्पट मात्रा टाळण्याकडे कल असतो. काचबिंदूच्या रुग्णाचा नेत्रदाब इंजेक्शननंतर वाढतो का, हे आधी एका डोळ्यात पाहिले जाते.

खर्चाचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. प्रवास आणि बुडालेली मजुरी वाचते म्हणून कोणी दोन्ही डोळे एकदम मागतो. खासगी रुग्णालयात दोन मात्रांची रक्कम एकाच दिवशी उभी करणे झेपत नाही म्हणून दुसरा पंधरा दिवसांचे अंतर मागतो, पण तोंडाने भीतीचे कारण सांगतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये या इंजेक्शनांचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केला, त्यामुळे विमा कंपन्यांना ती सरसकट नाकारता येत नाहीत; मात्र रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा त्यांना आहे. ही मर्यादा पॉलिसीत आधीच पाहिली, तर ऐन वेळी निर्णय फिरवावा लागत नाही.

पसंती केव्हा आणि कोणाला विचारली जाते, यावरही उत्तर अवलंबून असते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यानंतर संमतिपत्र हातात दिले तर रुग्णाला ते वाचताच येत नाही, मग ते इंग्रजीत असो, मराठीत असो वा कोंकणीत. ‘दोन्ही करून टाका, डॉक्टर,’ असे सोबत आलेला मुलगा सांगतो आणि आई मान हलवते. ती मान तिच्या इच्छेने हलली की मुलाच्या रजेच्या काळजीने, हे तिला एकटीला विचारल्याशिवाय कळत नाही. पहिले इंजेक्शन एकाच डोळ्यात देऊन, त्यानंतरची रात्र कशी गेली हे ऐकून, मग दुसऱ्या भेटीत हा प्रश्न मांडणे अधिक योग्य ठरते, कारण तोवर रुग्ण ऐकीव भीतीवरून न बोलता स्वतःच्या अनुभवावरून बोलू लागतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर तारीख आली तर बहुतेक जण ती पुढेमागे करून मागतात. त्या दिवसांत घरात पाहुणे, स्वयंपाक आणि धूर असतो, आणि इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात पाणी व धूर जाऊ देऊ नये असे सांगितलेले असते.

उपचार लांबतो तसा आणखी एक पेच उभा राहतो. एका डोळ्याची सूज ओसरून इंजेक्शनांतील अंतर बारा आठवड्यांवर जाते आणि दुसऱ्याला दर चार आठवड्यांनी औषध लागतच राहते, तेव्हा दोन्ही डोळ्यांची जुळलेली तारीख मोडते. दर तिसऱ्या खेपेला दोन्ही डोळे एकत्र येतात, मधल्या दोन खेपा एकाच डोळ्याच्या होतात. काही रुग्ण त्या वेळी सुधारलेल्या डोळ्याचे अंतर थोडे आखडून तारखा जुळवून मागतात. आठ आठवड्यांवर जुळवले तर आजारी डोळा उपाशी राहतो, चारवर जुळवले तर बऱ्या डोळ्याला गरज नसताना सुई टोचली जाते, आणि प्रत्येक सुईबरोबर संसर्गाचा तो छोटा धोका पुन्हा पत्करावा लागतो. अशा वेळी बहुतेक डॉक्टर आजारी डोळ्याचे वेळापत्रक ढळू देत नाहीत आणि बऱ्या डोळ्याची तारीख त्याच्या एखाद्या खेपेला जोडून देतात.